तांबट आळीत सोनबाला शोधताना

परत येऊन तीन आठवडे झाले आणि लिहायला आज बसलोय. कारणं दहा सांगेन, पण खरं एकच आहे: एका जागी बसणं मला जमत नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला ह्याच कारणानं रामराम ठोकला. आज मात्र आत्यानं चहा देण्याआधीच विचारलं, "लिहिलंस का रे?" म्हटलं, आता सुटका नाही.

तर हा प्रवास हडपसर ते कसबा पेठ. हसू नका. स्पिती एकट्यानं करून आलेला माणूस सांगतोय, हा जास्त अवघड होता.

आमच्या आडनावाची मूळ मंडळी कसब्यातल्या तांबट आळीची, पेशव्यांच्या काळापासून तांब्याची भांडी घडवणारी. आमच्या घरात सांगतात, सोनबा नावाचा आमचा पूर्वज त्याच आळीतून लष्कराबरोबर भांडी दुरुस्त करायला गेला आणि त्याची मुलं पुढे हडपसरला राहिली. कसबेकर म्हणतात, आमच्यात सोनबा नावाचा कोणी नव्हताच. एका लग्नात भर मांडवात कोणीतरी माझ्या आजोबांना विचारलं होतं, "तुम्ही नक्की कोणाचे?" आजोबा न जेवता परत आले आणि मरेपर्यंत पुन्हा कसब्यात गेले नाहीत.

आता कसबेकर वंशावळीचं पुस्तक छापतायत. आत्या म्हणाली, "बाबांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, नाव त्यात आलं पाहिजे. एवढा जगभर उंडारतोस, तर तिथवर उंडारून ये." ट्रंकेतला एक मोडी कागद तिनं प्लॅस्टिकमध्ये घालून दिला. घरात तो कोणालाच वाचता येत नाही, पण फेकायचंही कोणाचं धाडस झालेलं नाही.

दिवस पहिला

हडपसरहून महापालिकेची बस सरळ आहे, तिकीट किरकोळ. बाईक नेऊ नका, कसब्यात ती लावायला जागा शोधण्यातच दिवस जाईल. मी काय केलं? स्वारगेटला उतरून मार्केट यार्डात गेलो. वाटेत नाही, माहितीये. पण फुलांचा बाजार सकाळीच बघावा म्हणतात. झेंडूचे ढीग, ओल्या पोत्यांचा वास, आणि "बाजू, बाजू!" म्हणत अंगावर येणारे हमाल. तिथे एकानं चहा पाजला, दुसऱ्यानं कांद्याच्या प्रती समजावल्या आणि माझे चार तास गेले.

तांबट आळीत पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दत्तूकाका म्हणजे पुस्तकाचं काम बघणारे, सत्तरीचे, अजून स्वतः हातोडी चालवणारे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सकाळी येणार होतात ना आपण?"

"हो, जरा मार्केट यार्डला..."

"छान. मग आता उद्याच्या सकाळी या."

दिवस दुसरा

आठच्या ठोक्याला हजर. गल्लीत शिरण्याआधीच आवाज येतो, टण टण टण, प्रत्येक दुकानाची लय वेगळी. भांड्यावर एकेक ठोका देत बारीक खळ्या उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. बघायला पैसे पडत नाहीत, पण मध्ये बोलू नका, ठोका चुकतो.

काकांनी वंशावळीचा लांबलचक कागद उलगडला. राणोजी, त्याचा मुलगा भिकाजी, भिकाजीचा मुलगा पुन्हा राणोजी. आजोबाचं नाव नातवाला, आपल्याकडची जुनी रीत. थोरल्या राणोजीपुढे लिहिलेलं, "देवळाचा नगारा घडवला." धाकट्यापुढे, "पुढे माहिती नाही."

"सोनबा दाखवा," काका म्हणाले.

मी मोडी कागद पुढे केला. शेजारचे शेखसर निवृत्त कारकून आहेत, जन्मभर जमिनीचे जुने कागद वाचलेले. त्यांनी भिंग लावून सावकाश वाचलं. लष्करातल्या कुठल्याशा कारभाऱ्याला पुण्यातल्या एका बाईनं लिहवून घेतलेलं पत्र. "तीन महिने जाले, माझा सोनबा आला नाहीं. वाटेकडे डोळे लागले. लेकरास धाडून द्यावें."

"बाईचं नाव?" काकांनी विचारलं.

"नाही. नवऱ्याचंही नाही. 'घरधनी' एवढंच. पुढे बघा: 'लेकाचें नांव मामंजींचें, तें मजला घेतां येत नाहीं. देवळाचा नगारा घडविला ते मामंजी.'" शेखसर हसले. "लिहिणाऱ्याचा जीव मेटाकुटीला आला असेल. बाई कोणाचंच नाव घेईना."

काका पुन्हा वंशावळीवर वाकले. तेवढ्यात पोह्यांच्या बशा घेऊन काकू आल्या.

"अहो, त्यात कोडं काय आहे? सुनेनं सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मग पोराला हाक मारायला दुसरं नाव ठेवायचं. आपल्या थोरल्या भाऊजींना सासूबाई जन्मभर 'बाळ्या' म्हणाल्या. पत्रिकेतलं नाव त्यांच्या मामंजींचं ना!"

काकांचं बोट कागदावर धाकट्या राणोजीपाशी जाऊन थांबलं.

"म्हणजे हाच सोनबा," मी म्हणालो.

"कागद तसं म्हणतो," काका म्हणाले. "मी एकटा ठरवणारा कोण? मंडळींना विचारावं लागेल. पोहे गार होतायत."

झालं. कसबेकरांच्या 'विचारावं लागेल'चा अर्थ सगळं पुणं जाणतं.

घरी

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. नाव छापणार की नाही हे तिनं एकदाच विचारलं, मी एकदाच "माहीत नाही" म्हटलं. मग ती कागद मांडीवर घेऊन बसली. "तो परत आला असेल का रे तिच्याकडे?" हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. हडपसरला त्याची मुलं राहिली एवढंच आपल्याला ठाऊक. आईला तो भेटला का, ते कुठल्याच कागदात नाही. मला विचाराल तर भेटला. तीन महिने वाट बघून दुसऱ्याकडून पत्र लिहवून धाडणाऱ्या बाईचा लेक न भेटता राहत नाही.

जायचं असेल तर सकाळीच जा, आणि आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना बोलतं करा. आम्ही सगळे पुरुष नाव शोधत बसलो, आणि

थांबा. खालून आत्या हाका मारतेय. खिडकीतून बघतोय तर रिक्षातून दत्तूकाका उतरलेत, मागून काकू. काकांच्या हातात हळदीची बोटं लावलेली लग्नपत्रिका आहे, काकूंच्या हातात अक्षतांची वाटी. काका दारात चप्पल काढत विचारतायत, "घरातलं सगळ्यात मोठं कोण? भावकीची अक्षत त्यांच्याच हातात द्यायचीय."

आत्या पदर सावरतेय. जातो मी.