मैनेच्या मनातलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर दुसरंच काहीतरी सांगितलं असतं. मला ते चांगलं जमतं.

त्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि बीडमधल्या आमच्या छोट्याशा दूध संघाच्या खोल्या रिकाम्या पडल्या. माझे वडील संघाचे संचालक. संघाने एका खोलीत संगणक केंद्र काढलं, दुसरं शिरूर कासारला. टायपिंगचा हात बसावा म्हणून सरांनी आम्हाला एक खेळ लावून दिला. त्यात चित्र नाही, आवाज नाही, सगळा खेळ अक्षरांचा. सरांनी त्यात पेठ, चावडी, नदीचा घाट अशी ठिकाणं घातली होती. आपण एक नाव घ्यायचं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून त्या नावाने तिथे वावरायचं. दोन्ही केंद्रांतली मुलंमुली एकाच घाटावर भेटायची, पण आपण खरे कोण हे सांगायचं नाही, असा नियम. माझं नाव सम्राज्ञी. हसा खुशाल — तेव्हा ते मला शोभतं असं वाटायचं.

रंजना उशिरा आली. बारावी झालेली, शिरूरकडची, आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. ती बीडला मावशीकडे राहायची. सरांनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, हिला शिकव. मी शिकवलं. 'से' लिहून पुढे वाक्य टाकलं की ते बोलणं होतं. 'इमोट' लिहून पुढे टाकलं की ती कृती होते, आणि आपलं नाव आपोआप सुरुवातीला लागतं. तिने मैना हे नाव घेतलं आणि पहिल्याच दिवशी इमोट करून लिहिलं, 'मैना मी पाणी पिते.' सगळ्यांच्या पडद्यावर उमटलं — मैना मैना मी पाणी पिते. आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. तोपर्यंत ती मला आवडत होती, हे खरं.

मग ती शिकली. फार लवकर शिकली. एके दिवशी घाटावर तिने लिहिलं: मैना पदर कमरेला खोचून बसते, पाण्यावरचा पाला हाताने बाजूला सारते, पहिली ओंजळ पीत नाही, भेगाळलेल्या टाचांवर सोडते. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. म्हणाले, "याला म्हणतात वावरणं. नाहीतर आमची सम्राज्ञी. नुसती मान वेळावते." वर्ग हसला. एवढंच झालं. याहून मोठं काही झालं असतं तर सांगायला बरं पडलं असतं, नाही का? पण एवढंच झालं, आणि मला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली.

त्या खेळात तिसरी एक आज्ञा होती, 'थिंक'. मनातलं लिहायची. लिहिणारीच्या पडद्यावर यायचं, 'तू मनात म्हणतेस', आणि घाटावरच्या बाकी सगळ्यांना दिसायचं, 'मैना मनात म्हणते'. वाचायचं सगळ्यांनी, पण उत्तर कुणी द्यायचं नाही, कारण एकाच्या मनातलं दुसऱ्याला कुठून ऐकू येणार? ही या खेळाची रीत. रंजनाला मी सांगितलं, हे फक्त तुलाच दिसतं.

"मग कावून लिवायचं गं? कुणाला दिसतच न्हाई तर?"

"त्यानं पात्र खोल होतं," मी म्हणाले. "आत खरं लिहिलं की बाहेरचं चांगलं उतरतं."

तिने मान डोलावली. शंका यायला जागाच नव्हती — तिच्या पडद्यावर नुसतं 'तू मनात म्हणतेस', दुसरं कुणी ती आज्ञा वापरतच नव्हतं, माझा पडदा मी जरा वळवून ठेवायचे, आणि रीतीप्रमाणे कुणी चकार शब्द काढत नव्हतं. ती लिहीत गेली. मावशीकडे दुसरी भाकरी मागायची लाज वाटते. गेल्या हंगामात आईच्या पायाला फडात कोयता लागला, मला कुणी कळवलं नाही. आम्ही वाचत गेलो. दुपारच्या चहाला ती नसली की एखादी म्हणायची, "आज मैना मनात काय म्हणाली?" आणि मी तिच्या आवाजात म्हणून दाखवायचे. माझी नक्कल छान व्हायची. लोक आणखी एकदा म्हणायला लावायचे.

इथवरचं मी कदाचित कुणाला सांगू शकले असते. पोरवयात माणूस करतं असलं काही, असं म्हणून लोकांनी सोडूनही दिलं असतं. पण इथे संपलं नाही.

हंगाम जवळ आला तसं तिने लिहिलं, बापाने मला बघायला माणसं बोलावलीत. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम कोयत्यालाच उचल देतो — हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून पोरींची लग्नं हंगामाच्या तोंडावर उरकतात. पुढे तिने लिहिलं, मला कोयता व्हायचं नाही. बुधवारी घरी जायच्या ऐवजी पुण्याच्या गाडीत बसणार. तिथे टायपिंगचं काम बघून ठेवलंय.

शिरूरच्या केंद्रातून वाघ नावाने खेळणारा एक जण होता. तो तिचा चुलतभाऊ. तिला ते माहीत नव्हतं, मला होतं. बढाया मारता मारता त्यानेच मला गावाचं आणि घराचं नाव सांगितलं होतं. मैना कोण, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला एकट्याला निरोप टाकला — मैना म्हणजे तुमची रंजना, तिच्या मनातलं नीट वाच.

गंमत म्हणून केलं का? नाही. काय होणार हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. निरोप टाकून मी डबा खाल्ला.

मंगळवारी तिचा बाप आला, सोबत दोन माणसं. ती मशीनवर बसली होती. त्याने आरडाओरडा केला नाही, नुसतं म्हणाला, "ऊठ." तिने चप्पल घालताना माझा हात धरला. "मी कुणालाच बोलले न्हवते गं. तुला बी न्हाई. तुला तरी सांगायला पायजे व्हतं, माझंच चुकलं. कुणी सांगितलं आसंल?"

माझी माफी मागत होती ती. मी म्हणाले, "सरांनी. ते मागून वाचतात."

सर तिला काहीतरी सांगायला दारापर्यंत आले होते. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच थांबले. आपलं काय चुकलं हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तिचं लग्न झालं, टोळीबरोबर ती कोल्हापूरकडे गेली. तिच्या नावाचा पासवर्ड मीच लावून दिलेला होता. मी सम्राज्ञी सोडली आणि मैना झाले. ती फडात मोळ्या बांधत होती, तेव्हा मी घाटावर तिचा पदर कमरेला खोचत होते, तिच्या हातांनी पाला बाजूला सारत होते. जमायला लागलं मला. शिरूरची पोरं म्हणायची, मैना काय लिहिते. मला फार बरं वाटायचं — अजूनही आठवलं की क्षणभर बरंच वाटतं.

हंगाम संपल्यावर ती केंद्राच्या दारात आली. काळवंडली होती, तळव्यांना चिरा पडलेल्या. पोटुशी होती. आत नाही आली. म्हणाली, "मैना हाय का गं अजून? एकडाव बघू दे. दोन मिनिटं बसते न् जाते."

"न्हाई गं," मी म्हणाले. "तो खेळ कधीच बंद केला सरांनी."

"बरं," ती म्हणाली. दारातूनच वळली. मी आत आले. मैना घाटावरच होती आणि कुणीतरी तिला हाक मारत होतं. मी खुर्ची ओढली आणि ओ दिली.