सुईआधीची प्रार्थना

सलाइन लावायला आलेल्या नर्सनं आईचा हात धरला आणि आईनं डोळे मिटले.

"आजी, भीती वाटते का?"

"नाही गं. तुझ्या हातासाठी प्रार्थना केली. माझा येशू ऐकतो."

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

चर्चच्या संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या वचनांच्या पाठांतराचं बक्षीस दरवर्षी माझं असायचं. पण ऑफिसात कुणी "तुमच्या धर्मात काय असतं हो?" असं विचारलं, की मी नाताळच्या केकबद्दल बोलते आणि सुटते. आई तीस वर्षं नर्स होती. सुई टोचण्याआधी ती अशीच क्षणभर डोळे मिटायची, आणि कुणी विचारलं तर "माझा येशू ऐकतो" एवढंच सांगायची. त्यात आग्रह नसायचा. आल्यागेल्याला पाणी द्यावं, तसं ते असायचं. आज खाटेवर पडूनही तिचं उत्तर तयार होतं. माझं मात्र केकपाशीच अडलेलं.

दुसऱ्या दिवशी आईनं डोळे मिटले, तेव्हा नर्स सुई धरून आपणहून थांबली. शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, "काय मागतात हो त्या?"

आईची प्रार्थना चालू होती. उत्तर मलाच द्यायचं होतं. केकचं नाव न काढता मी ते दिलं.