पाण्याखालच्या गप्पा

अमोलचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले असतील. "मावशी, आई गेली," एवढंच बोलून तो थांबला. मग म्हणाला, "मी पुण्याहून निघतोय, पण पोचायला संध्याकाळ होईल. तुम्ही धुळ्याहून आधी पोचाल. बाबांजवळ बसा... त्यांच्याशी बोलायला तिथे कोणी नाहीये." जळगावातल्या मेहरूणमधलं ते घर एव्हाना माणसांनी भरलेलं असणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी तो म्हणाला ते खरंच होतं. नानांना ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलणारं जगात एकच माणूस होतं, कुमुदअक्का, आणि तीच गेली होती.

पारोळा, एरंडोल मागे पडत होतं आणि मी बसमध्ये एकाच गोष्टीचा विचार करत होते, नानांना हे सांगितलं कोणी? कसं सांगितलं? पोचल्यावर शेजारच्या वहिनींकडून कळलं. अक्का स्वयंपाकघरात कोसळली. हातातलं पातेलं फरशीवर आपटल्याचा आवाज भिंतीपलीकडे त्यांना ऐकू गेला, म्हणून त्या धावत आल्या. नाना पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. वहिनींना दारात बघून ते हसले आणि 'या, बसा' अशी खूण करत खुर्ची पुढे केली. वहिनींनी त्यांना हाताला धरून आत नेलं. डॉक्टर नंतर म्हणाले की तत्क्षणी धावून जाऊनही काही उपयोग झाला नसता. ते वाक्य अमोलने नानांना कागदावर लिहून दाखवलं. नानांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. माझी मैत्रीण कोण होती हे लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर अजूनही तिचं सगळंच मला उमगलंय असं नाही.

जळगावच्या एका शाळेत आम्ही बावीस वर्षं बरोबर शिकवलं; मी धुळ्याला राहायला गेले ते नंतर. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, फैजपूरची माहेरवाशीण, गणिताची शिक्षिका. नाना भडगावकडचे. एका दालमिलमध्ये मिस्त्री होते. डाळ भरडणाऱ्या यंत्रांच्या घरघराटात माणूस आयुष्य काढतो तेव्हा कान हळूहळू जातात, एकदम जात नाहीत. आधी फोनवरचं बोलणं कळेनासं झालं, मग पाठीमागून मारलेली हाक, मग समोरचं माणूस. पन्नाशीला आले तेव्हा जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. कानातलं मशीन घेतलं, तर त्यात माणसांचं बोलणं कमी आणि खडखडाट जास्त. ते कपाटात पडलं. तरीही नाना माणसांत होते, बोलत होते. मग भडगावला पुतण्याचं लग्न झालं. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी मांडव शांत झाला होता. ती शांतता नानांना कशी कळणार? त्यांनी अक्काला आपल्या मते हळूच विचारलं, "आजून किती येळ शे?" सगळ्या मांडवाला ते ऐकू गेलं. माणसं पोट धरून हसली, नवरदेवसुद्धा हसला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण आपला आवाज केवढा निघतो हे आपल्याला कळत नाही, हे नानांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर त्यांनी चारचौघांत तोंड उघडलं नाही. लग्नं सोडली, दहावे-तेरावे सोडले, मिल सोडली. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे.

आम्ही शिक्षिका अक्काला सहानुभूती दाखवायचो. ती ऐकून घ्यायची आणि वह्या तपासायची. घरात मात्र तिचं काम सुरू झालं होतं. हातांनी बोलायचं. ती कुठल्या शाळेत जाऊन काही शिकली नाही, दोघांनी मिळून एकेक खूण ठरवत नेली. तळहातावरची धूळ फुंकल्यासारखं केलं की धुळे. बोटातली अंगठी फिरवली की जळगाव, सोन्याचं गाव म्हणून. केळं सोलल्यासारखं केलं की केळीच्या बागांचं फैजपूर. दोन-तीन वर्षांत त्यांची अख्खी बोली तयार झाली. भाजीपासून भूतदयेपर्यंत सगळ्यावर ते बोलायचे, भांडायचे. मी एकदा त्यांचं भांडण पाहिलंय. घर अगदी शांत होतं आणि चार हात हवेत तुटून पडत होते.

बावन्नाव्या वर्षी अक्का गाडी चालवायला शिकली. शिकवणीच्या गाडीत ती बसलेली दिसली की शाळेची मुलं रस्त्यावरून टाळ्या वाजवायची. मी म्हटलं, "अक्का, आता या वयात?" तर म्हणाली, "अगं, यांना हॉर्न ऐकू येत नाही. मग चालवणार कोण? आणि सहलीच्या बसने जायचं म्हटलं तर तो गाइड दिवसभर माइकवरून बोलतो. ते बोलणं चुकवत हे खिडकीशी बसून राहणार. त्यापेक्षा आपण आपलं जाऊ. परक्या गावात यांना कोणी ओळखत नाही, कोणी हसत नाही." मग एक जुनी, पांढरी, लहानशी गाडी आली. दिवाळीच्या सुट्टीत दोघं पहिल्यांदा निघाले ते तोरणमाळला. सकाळी सहाला निघालेली माणसं संध्याकाळी पोचली. मला वाटलं गाडी बंद पडली असेल. अक्का म्हणाली, "बंद कशाला पडेल? अगं, माझे हात स्टिअरिंगवर. बोलायचं म्हटलं की गाडी बाजूला घ्यावी लागते. यांना काही सांगायचं असलं की हे माझ्या खांद्यावर टिचकी मारतात. मग थांबायचं, बोलून घ्यायचं आणि पुढे निघायचं." मी विचारलं, "असं किती वेळा थांबलात?" ती हसायला लागली. "चोपड्यापर्यंतच अकरा वेळा. त्यांच्याकडे चार वर्षांचं साठलं होतं ना!"

पुढे ती दोघं कुठे कुठे गेली! दीवला गेली, कच्छच्या पांढऱ्या रणात गेली, कोकणातून खाली उतरत गोकर्णापर्यंत गेली. हंपीला आठ दिवस राहिली आणि त्यातले तीन दिवस नुसतीच नदीकाठी बसून होती. काय काय पाहिलं असं विचारलं तर दोघांना धड यादी सांगता यायची नाही. पण अमुक वळणावर एक गुराखी भेटला, त्याच्या म्हशीच्या पाठीवर बगळा झोपला होता, हे मात्र दोघंही सांगायचे. नाना हातांनी सांगायचे, अक्का तोंडाने, आणि मध्येच नाना तिला अडवायचे की नाही, बगळा नाही, ढोकरी होती. सुट्टी संपून परत येणाऱ्या माणसांच्या तोंडावर जो शिणवटा असतो तो या दोघांच्या तोंडावर मी कधी पाहिला नाही.

अक्का निवृत्त झाली त्या वर्षी ते अंदमानला निघाले आणि मलाही ओढून नेलं. माझ्या घरचे कामात होते. "तू एकटी ये. आम्ही तुला सांभाळू," अक्का म्हणाली. मी सांभाळून घेण्याच्या तयारीनेच गेले होते, पण मनातून मला वाटत होतं की खरं म्हणजे सांभाळायचं मला आहे. एक साठीची बाई, एक ऐकू न येणारा माणूस, त्यात बोटी आणि समुद्र...

एका लहान बेटावर आम्ही चार दिवस होतो. तिसऱ्या दिवशी स्नॉर्कलिंग करायचं ठरलं. तोंडावर काचेचा मुखवटा चढवायचा, श्वासाची नळी दातांत धरायची आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग बघायचं. पोहता येत नसलं तरी चालतं. अंगात तरंगायचं जॅकेट असतं, हाताशी हवा भरलेली रिंग असते आणि शिकवणारा माणूस ती रिंग ओढत नेतो. कानाच्या डॉक्टरांना अक्काने निघण्यापूर्वीच विचारून ठेवलं होतं. शिकवणारे एक बंगाली गृहस्थ होते, पन्नाशीचे, शांत. पण नानांना ऐकू येत नाही म्हटल्यावर ते मागे सरले. जबाबदारीचं काम आहे, म्हणाले, मी सूचना देणार आणि यांना त्या ऐकूच जाणार नाहीत. नानांना शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. अशा चेहऱ्यांची त्यांना सवय होती. त्यांनी मुखवटा काढून वाळूवर ठेवला आणि सावलीकडे चालायला लागले. अक्का मात्र तिथून हलली नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून, वर्गात अवघड गणित सोपं करून सांगावं तशा सुरात तिने विचारलं, "दादा, पानी के अंदर आप को सुनाई देता है क्या?" ते गृहस्थ हसले. म्हणाले, "बुला लीजिए उनको."

मी पाण्यात तोंड घातलं आणि पहिली दोन मिनिटं नुसती घाबरले. माझाच श्वास मला घरघर ऐकू येत होता. मग खाली पाहिलं. काय सांगू... आमच्याकडे चैत्रात सगळं रान करड्या रंगाचं होतं. त्या रंगात वाढलेले माझे डोळे. आणि इथे खाली जांभळी, पिवळी, हिरवी पोवळी, माणसाच्या मेंदूसारखी वळ्यावळ्यांची, हरणाच्या शिंगासारखी फाटे फुटलेली. त्यांच्यावरून निळ्या माशांचा एक थवा गेला, एकदम वळला आणि वळताना सगळाच्या सगळा चांदीचा झाला. मला ओरडावंसं वाटलं. कोणालातरी धरून 'ते बघ, ते बघ' म्हणावंसं वाटलं. तोंडात नळी होती. इतकं अफाट काही दिसतंय आणि ते कोणालाही सांगता येत नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. मी मान वळवली. चार हातांवर अक्का आणि नाना शेजारी शेजारी तरंगत होते आणि बोलत होते.

इतर माणसांना पाण्यात दोनच खुणा येत होत्या, 'ठीक आहे' आणि 'वर चला'. हे दोघं भरभरून बोलत होते. नानांनी खालच्या एका कपारीकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यावर अक्काने अशी काही खूण केली की नाना हसले आणि नळीतून पाणी आत गेलं. शिकवणाऱ्यांनी त्यांना वर घेतलं, सावरलं. तर नाना पुन्हा पाण्यात, कारण बोलणं अर्धं राहिलं होतं ना. आम्ही बारा-पंधरा माणसं होतो, कान असलेली, जीभ असलेली, आणि सगळी मुकी होतो. त्या समुद्रात बोलता येणारी दोनच माणसं होती. पाहता पाहता बाकीचे लोकही खालचे मासे सोडून या दोघांकडे बघायला लागले.

बोटीत बसल्यावर ते बंगाली गृहस्थ मला म्हणाले की इतकी वर्षं हे काम करतोय, पण पाण्यात गप्पा मारणारी माणसं आज पहिल्यांदा पाहिली. नाना ओल्या अंगाने बसले होते, डोळे लाल झालेले. त्यांनी अक्काला काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगत राहिले. मी विचारलं, "काय म्हणताहेत?" नानांचं म्हणणं अक्काने त्यांच्याच अहिराणीत सांगितलं. "म्हणतात, तठे बठ्ठा मना सारखा शेतस." तिथे सगळे माझ्यासारखे आहेत.

त्यानंतर नाना बदलले. पुढच्या उन्हाळ्यात भडगावला भाचीचं लग्न होतं, तिथे ते गेले, पंगतीत वाढायला उभे राहिले. कोणी काही विचारलं तर कानाला हात लावून मोकळेपणाने मान हलवायचे. या बाईने त्यांना बरं केलं असं मी म्हणणार नाही, कारण कान काही परत आले नाहीत. बरं करण्याच्या नादी ती लागलीच नाही. ती त्यांना घेऊन निघाली, इतकंच. आणि हे सगळं करताना आपण काही मोठं करतोय असा भाव तिच्या तोंडावर कधी दिसला नाही. तिला खरोखरच मजा येत होती. मला तिचं सगळ्यात नवल वाटतं ते याचंच.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा मेहरूणला गेले. अमोलला वाटतं नानांनी पुण्याला यावं. नाना वहीत लिहितात, 'बघू.' दुपारी चहा घेऊन आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी वहीत लिहिलं, 'अक्का माझ्याबद्दल काय बोलायची?' नानांनी वाचलं आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताच्या बोटाने टकटक केलं, घड्याळ दाखवावं तसं. मला वाटलं, मला उशीर होतोय असं म्हणताहेत. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि लिहिलं, 'हे तुझं नाव.' सदा घाईत असणारी, घड्याळ बघणारी... मी. मग त्यांनी एकेकाची नावं दाखवली. अमोल म्हणजे कपाळावरची बट मागे सारणं. आमचे जुने मुख्याध्यापक म्हणजे चिमटीतली तपकीर. शेजारच्या वहिनी म्हणजे दारावर दोनदा टकटक. त्या दोघांनी आम्हां सगळ्यांना नावं ठेवली होती! इतकी वर्षं माझ्यासमोर माझं नाव घेतलं जात होतं आणि मला पत्ता नव्हता. मी हसत सुटले, नानाही हसले. हसता हसता मी वही ओढली आणि लिहिलं, 'आणि अक्का?'

नानांनी हात उचलला. तो हात तसाच हवेत राहिला. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले... मग तो त्यांनी खाली ठेवला आणि पेन घेतलं. 'तिचं नाव ठरवलं नाही,' त्यांनी लिहिलं. 'ती समोरच असायची.'

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे वळले, ओठ ओले केले आणि तोंड उघडलं.

"कुमुद."

केवढा मोठा आवाज होता तो! रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या. यातलं नानांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते फक्त माझ्या तोंडाकडे बघत होते, आपण म्हटलेलं पोचलं की नाही ते शोधत.

मी मान हलवली. ऐकलं, नाना.