नावातला दुसरा एल

मी बावीस वर्षं एका सरकारी कारखान्यात तपासनीस होतो. यंत्राचे सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे, मी ते मोजायचो आणि केसाइतकाही फरक दिसला तर बाजूला काढायचो. कारखान्यात माझं एक टोपणनाव होतं, कन्नडमध्ये, ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याचा साधारण अर्थ, ह्याला स्वतःच्या आईच्या हातच्या भाकरीतही वाकडेपणा दिसतो. मला त्या नावाचा अभिमान होता, ह्यावरून पुढचं काय ते समजा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. राजाजीनगरात आमच्या घराच्या कोपऱ्यावर, जिथे आधी शिवणकामाचा क्लास होता तिथे, सायबर कॅफे निघाला. लाकडी फळ्या ठोकून केलेली पाच खुराडी आणि प्रत्येकात एक संगणक. कारखान्यातून परतताना मी तिथे अर्धा तास बसू लागलो. तिथेच मला नेटवरचा तो फलक सापडला. खेळांच्या जुन्या वस्तू जमवणारे लोक तिथे जाहिराती लावायचे, एकमेकांना सल्ले द्यायचे आणि बहुतेक वेळ भांडायचे. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

एके दिवशी तिथे जाहिरात आली. एक हॉकी स्टिक. आमच्याच गावात राहणाऱ्या, एकेकाळी देशाकडून लेफ्ट इनच्या जागेवर खेळलेल्या एका खेळाडूची, त्यांनी स्वतः वापरलेली, वर त्यांची सही. विकणारा जे. पी. नगरचा.

हे खेळाडू म्हणजे माझ्या लहानपणाचं दैवत. मी आठ वर्षांचा असताना काकांनी मला आणि अक्काला त्यांचा सामना बघायला नेलं होतं. त्या दिवशी मिळालेली त्यांची सही एका छोट्या वहीत माझ्याकडे होती. ती वही मी लग्नात मिळालेल्या चांदीच्या भांड्यांबरोबर कपाटात ठेवायचो. बायको म्हणायची, ‘‘चोर आला तर भांडी नेईल, वही ठेवून जाईल. तेवढीच तुमची सोय.’’

मी स्टिक घ्यायची ठरवली. राजाजीनगरहून जे. पी. नगरला बसने दीड तासात जाता येतं. पण नेटवरची खरेदी नेटवरच्या रीतीनेच व्हायला हवी, असं माझं मत पडलं. मग मी बँकेत रांग लावून ड्राफ्ट काढला, तो पोस्टाने पाठवला, आणि स्टिक आमच्याच गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कुरियरने पाच दिवसांनी आली.

ती आली त्या संध्याकाळी मी जेवलोही नाही. कपाटातून वही काढली, कारखान्यातून आणलेलं भिंग काढलं, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. आमच्याकडे प्रत्येक भागाचा एक पक्का नमुना असतो, आणि येणारा माल त्याच्याशी ताडून बघायचा असतो. माझा पक्का नमुना वहीत होता. मी स्टिकवरची सही त्याच्याशी ताडून बघितली.

दोन्ही सह्या जुळत नव्हत्या. वहीतलं पहिलं अक्षर गोलसर होतं, स्टिकवरचं टोकदार. खालची रेघ वहीत सरळ होती, स्टिकवर शेपटीसारखी वळलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टिकवर आडनावाचं स्पेलिंगच चुकलं होतं. वहीत एक एल होता, इथे दोन.

‘‘खोटी सही करणाऱ्याने निदान नाव तरी नीट लिहावं!’’ मी बायकोला म्हणालो.

‘‘तुम्ही त्यांचं नाव कधी छापलेलं बघितलंय का?’’ तिने विचारलं.

मी लहानपणापासून कन्नड पेपर वाचत आलो, तिथे इंग्रजी एलचा पत्ता लागत नाही. आणि छापलेलं कशाला बघू? माझ्याकडे त्या माणसाचं हस्ताक्षर होतं.

दुसऱ्या दिवशी मी विकणाऱ्याला ईमेल लिहिली. सात मुद्द्यांची, प्रत्येक मुद्द्याला मापं. कारखान्यातल्या अहवालाप्रमाणे सगळी मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरं. त्याचं उत्तर आलं, ‘‘सर, कृपया ओरडू नका.’’ मी चक्रावलो. मी तर खुराड्यात गुपचूप बसून एका बोटाने टाइप करत होतो. मोठी अक्षरं म्हणजे आरडाओरडा, हे मला कॅफेच्या मालकाने आठवड्याने सांगितलं. तोपर्यंत माझं आणखी चार वेळा ओरडून झालं होतं.

विकणारा सभ्य होता, म्हणून मला त्याचा जास्तच राग यायचा. त्याने लिहिलं, ‘‘वर्तमानपत्रांत त्यांचं नाव दोन एलनीच छापतात.’’ मी उलट लिहिलं, ‘‘वर्तमानपत्रं चुका करतात. माझ्याजवळ प्रत्यक्ष त्या माणसाने लिहिलेलं आहे.’’ हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी सगळं प्रकरण उचलून फलकावर टाकलं. शीर्षक दिलं, ‘जे. पी. नगरच्या भामट्यापासून सावधान’.

फलकावर आनंदीआनंद झाला. दूरदूरचे लोक माझ्या बाजूने आणि त्याच्या बाजूने लिहू लागले. कुणीतरी म्हणालं, वहीतली सही दाखवा. मी कॅफेत वहीचं पान स्कॅन करून घेतलं आणि जगासमोर ठेवलं. एकाने लिहिलं, ‘ही खरी, हिच्यात आत्मविश्वास दिसतो.’ मी त्याची छापील प्रत काढून खिशात ठेवली आणि कारखान्यात चौघांना दाखवली.

शेवटी विकणाऱ्याची ईमेल आली. ‘‘सर, ज्यांची सही आहे ते ह्याच गावात राहतात. डिरेक्टरीत नंबर आहे. मी फोन केला होता. रविवारी सकाळी दहाला त्यांनी दोघांनाही बोलावलंय. तुम्ही तुमची वही आणा.’’

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पंचवीस वर्षं तो माणूस माझ्यापासून दहा किलोमीटरवर राहत होता आणि मी त्याच्या सहीची मापं काढत होतो.

रविवारी मी स्टिक जुन्या चादरीत गुंडाळून कँटोनमेंटच्या बाजूला असलेल्या त्यांच्या घरी गेलो. फाटकापाशी एक तरुण उभा होता. जीनची पँट, पाठीवर ऑफिसची बॅग, चेहरा परीक्षेला आलेल्या मुलासारखा. भामट्याचा म्हणून मी जो चेहरा मनात रंगवला होता त्याला मिशा होत्या. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली आणि इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणालो, ते दोघांनाही पटलं नाही.

फाटक उघडताच आतून एक कुत्रं भुंकत धावून आलं.

‘‘आई गं!’’ भामटा ओरडला आणि माझ्या मागे लपला.

‘‘चावत नाही, नुसतं भुंकतंय,’’ मी म्हणालो. मग मागे वळून त्याच्याकडे बघितलं.

‘‘तुम्ही मराठी?’’ त्याने विचारलं.

‘‘तीनशे वर्षांपासून. पण इथलेच,’’ मी म्हणालो. ‘‘तुम्ही?’’

‘‘मी पुण्याचा. आठ महिने झाले येऊन.’’ त्याने बॅग सावरली. ‘‘काका, तुम्ही मला इंग्रजीत जे जे काही म्हणालात ना...’’

‘‘ते आत जाऊन बघू,’’ मी म्हणालो. माझा खटला मला नात्यागोत्यात बुडवायचा नव्हता.

खेळाडू व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. अंगाने सुकलेले, तरी उभे राहिले तेव्हा माझ्यापेक्षा हातभर उंच. त्यांच्या पत्नीने कॉफी आणली. मी चादर सोडली, स्टिक त्यांच्या हातात दिली आणि अहवाल काढला. सात मुद्दे इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या मुद्द्याला त्यांनी हात वर केला.

‘‘तिसरा परत वाचा.’’

‘‘सही करणाऱ्याला नावाचं स्पेलिंग येत नाही. एक एल जादा लावला आहे.’’

त्यांच्या पत्नी आत निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले.

‘‘माझ्या नावात दोन एल आहेत,’’ खेळाडू शांतपणे म्हणाले. ‘‘माझ्या वडिलांच्याही होते. ही सही माझी आहे.’’

पुण्याचा मुलगा सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, ‘‘पण स्टिक माझी नाही.’’ त्यांनी ती जमिनीवर टेकवून धरली. ‘‘ही बघा, किती आखूड आहे. माझ्या स्टिका खास लांब करून घ्यायचो. हिने खेळलो असतो तर कुबड आलं असतं. कुठून घेतली?’’

मुलाने सांगितलं, कँटोनमेंटातलं खेळाच्या सामानाचं एक दुकान बंद होत होतं, तिथून. दुकानदार म्हणाला होता, ही त्यांनी वापरलेली.

‘‘त्या दुकानाच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. त्या दिवशी पन्नासेक स्टिकांवर सह्या केल्या.’’

मी सहीतली रेघ न् रेघ व्हर्नियरने मोजली होती. स्टिकची लांबी मोजायचं मला सुचलं नव्हतं.

‘‘आता तुमची वही बघू,’’ ते म्हणाले.

मी वही दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी चष्मा वर-खाली केला, पान उजेडाकडे धरलं, पत्नीला दाखवलं. मग डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

‘‘ही कुणी दिली तुम्हाला?’’

‘‘तुम्हीच. म्हणजे, माझ्या बहिणीने तुमच्याकडून घेतली. सामन्यानंतर.’’

‘‘ही मी केलेली नाही. पण अक्षर छान आहे,’’ ते म्हणाले. मग माझी कीव येऊन त्यांनी पेन मागवलं आणि त्याच पानावर खाली नवी सही केली. वयाने रेघ नागमोडी आली. मी सवयीने बघितलं, ती सही ना वहीशी जुळत होती, ना स्टिकशी. माझ्या टेबलावर आली असती तर मी ती पहिली बाजूला काढली असती.

परतताना मी घरी न जाता थेट अक्काकडे गेलो. ती मल्लेश्वरमला राहते. अंगणात वाटल्या डाळीचे सांडगे घालत बसली होती. मी वही तिच्यासमोर धरली.

‘‘अक्का, ही सही कुणाची?’’

तिने बघितलं, हात पुसले आणि तोंडावर पदर धरला. ‘‘अय्यो! ही अजून आहे तुझ्याकडे?’’

‘‘कुणाची?’’

‘‘माझी. दुसऱ्या कुणाची असणार?’’

मग तिने सांगितलं. सामना संपल्यावर खेळाडूंभोवती पुरुषांची झुंबड उडाली. काका मला घेऊन सोडावाल्याच्या गाडीपाशी थांबले, कारण मी सहीसाठी रडून रडून ओकायच्या बेताला आलो होतो. सही आणते म्हणून अक्का वही घेऊन गेली. तेव्हा ती बारा वर्षांची, परकर-पोलक्यातली. दोनदा आत घुसली, दोनदा लोकांनी ढकलून बाहेर काढलं. एकाने तर विचारलं, मुलीच्या जातीला हॉकी कशाला हवी.

‘‘मग मी तिकीटखिडकीच्या मागे गेले, भिंतीला वही टेकवली आणि लिहिलं. तू काही बंद होत नव्हतास रे. आणि बघितलंस ते, तसा गप्प झालास!’’

‘‘त्यांच्या नावात दोन एल आहेत, अक्का.’’

‘‘सातवीत होते मी. तेव्हा एक एल लिहिला हेच खूप. स्वल्प सांभाळून घे.’’

मी तिला सगळं सांगितलं, फलक, सात मुद्दे, स्कॅन केलेलं पान, त्यावर लोकांची मतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘म्हणजे माझं अक्षर अमेरिकेत गेलं?’’

‘‘गेलं. एकाला त्यात आत्मविश्वास दिसला.’’

‘‘मग होताच,’’ अक्का म्हणाली आणि पुन्हा सांडगे घालू लागली. चार सांडगे घालून झाल्यावर खाली बघूनच म्हणाली, ‘‘मलाही हवी होती त्यांची सही. तुझ्याइतकीच. पण तुला एक दिल्यावर माझ्यासाठी अजून एक खोटी काढायला हात होईना.’’

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्या दुपारी मी सांडगे घालायला बसलो. माझे सगळे वाकडे येत होते, पण तिने एकही बाजूला काढला नाही.

फलकावर माफी लिहायला मला तीन दिवस लागले. लहान लिपीत लिहिली. सही खरी होती, स्टिक तशी नव्हती, वही खोटी होती, भामटा भामटा नव्हता, स्पेलिंग माझं चुकलं होतं. माफीला भांडणाच्या पावपटही वाचक मिळाले नाहीत. आत्मविश्वास बघणाऱ्या गृहस्थाने मात्र लिहिलं, की त्याला पहिल्यापासून शंका होती.

पुण्याच्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, स्टिक वापरलेली नाही, तेव्हा जाहिरात चुकीची होती, परत पाठवा. मी म्हणालो, छे, मी तुम्हाला जगासमोर भामटा म्हटलं, मी परत देणार नाही. तो म्हणाला, काका, चूक माझी. मी म्हणालो, माझी. आवाज चढले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि विचारलं, आता काय झालं. शेवटी तिनेच फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. तो आला, एकटा राहणाऱ्या मुलांसारखा जेवला, आणि जाताना अक्काने पाठवलेले सांडगे घेऊन गेला.

पुढच्या महिन्यात मी अक्काला कँटोनमेंटला घेऊन गेलो. तिने जाताना नवी साडी नेसली आणि बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. खेळाडूंनी विचारलं, कशावर सही करू? तिने पिशवीतून स्वतःची नवी वही काढली, त्यांच्यासमोर ठेवली आणि कन्नडमध्ये म्हणाली, ‘‘सर, दोन एल. विसरू नका.’’