दारू सुटली, वास राहिला

बायको दार उघडायची ती नाक पुढे करूनच. "हा करा." मग चकचक्या तोंडाचा आ वासून तिच्या नाकावर श्वास सोडायचा. चौदा महिने, रोज! अहो, चोरालासुद्धा कधीतरी जामीन मिळतो.

हा कपाटांना पॉलिश मारणारा, म्हणून नाव चकचक्या. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने दिवसभर लाकडावर घासायची. दारूसारखा वास मारणारं स्पिरिट नखांत मुरलेलं, कितीही धुवा. लोकांना नाक तेवढं असतं, अक्कल कुठे?

दारू सोडली ती एकट्याने. ना डॉक्टर, ना शपथ. मेव्हणा म्हणाला होता, "कुत्र्याचं शेपूट नळीत घाला, वाकडं ते वाकडंच." याचं डोकं फिरलं ते फिरलेलंच राहिलं. पहिल्या आठवड्यात हात इतका थरथरायचा की पॉलिशवर पट्टे उमटायचे. एकाच कपाटाचं एकच दार त्याने अकरा वेळा खरवडलं, अकरा वेळा पुन्हा मारलं. मालक ओरडला, तर हा दुप्पट ओरडला. पण गुत्त्याची पायरी चढला नाही.

आज लेक आली, दोन महिन्यांचं बाळ घेऊन. कामावरून येऊन चकचक्याने अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि हात पसरले. "दे गं माझ्याकडे."

लेकीने बाळ छातीशी घट्ट धरलं. "बाबा, वास येतोय."

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. "धंद्याचा वास आहे तो! चौदा महिने थेंब घेतला नाही मी! विचार तुझ्या आईला!"

"अगं, खरंच घेत नाहीत ते," बायको म्हणाली.

"माहीत आहे मला!" लेकीचाही आवाज चढला. "पण लहानपणी असा वास आला की मी पलंगाखाली जाऊन बसायचे. अजून हातपाय गार पडतात माझे. त्याला मी काय करू?"

तो तरातरा मोरीत गेला आणि स्वतःलाच शिव्या हासडत नखं घासू लागला.

"उद्या कामाला जात नाही मी!" तो आतून ओरडला. "परवाही नाही! वास जाईपर्यंत रोज बाळ मागणार, कळलं?"

"ओरडू नका, बाळ झोपलंय," लेक म्हणाली.

मग तो कुजबुजत शिव्या देत नखं घासत राहिला.