वडाचा पाला

आमच्या गावचा वड रहिमतपूरच्या रस्त्यावरून लांबूनच दिसतो. पारंब्यांची इतकी खोडं झालीत की मूळ बुंधा कुठला म्हणून विचाराल, तर चार म्हातारे चार ठिकाणी बोट दाखवतील. सत्तरच्या सुमाराला सरकारनं हे जुनं झाड राखायचं ठरवलं. 'झाड तोडण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी ठोकली आणि राखणीला माझ्या वडिलांना, आबांना, नेमलं. आबा फौजेतून हवालदार होऊन आलेले. वडाखालीसुद्धा बूट घालून, मिशीला पीळ देऊन ताठ उभे राहायचे. आम्हाला हसू यायचं, पण चूल त्याच पगारावर पेटत होती, तेव्हा हसायचं ते तोंडाला पदर लावून.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, बायाबापड्या खडी फोडायला जाऊ लागल्या. असल्या सालाची आमच्याकडे पूर्वापार रीत होती. वडाचा पाला वैरणीला न्यायचा, फक्त हातानं खुडून. कोयता, कुऱ्हाड लावायची नाही. आबांच्या आज्यानंही तसाच नेलेला. पण आता पाटी आली होती ना!

शेजारी आमच्या भावकीतली विधवा काकी राहायची. मूलबाळ नाही, एक म्हैस काय तेवढं तिचं माणूस. म्हैस गाभण, आणि इतकी खंगलेली की सरकारी चारा-छावणीपर्यंत चालवत नेणं शक्य नव्हतं. माझी आई बाळंतपणात तापानं पडली तेव्हा माझा धाकटा भाऊ याच म्हशीच्या दुधावर जगला होता. काकी धार काढून आधी आमच्याकडे यायची, मग आपल्या चहाचं बघायची.

एका सकाळी ती दोर घेऊन वडाखाली आली. मी आबांना भाकरी द्यायला गेले होते.

"भावजी, वाईच पाला न्हेते. ह्यो म्हयना निघला की व्याईल बगा."

"हुकूम न्हाई, वैनी."

"आवं, पाल्याला कसला हुकूम?"

"तोडायला मनाई हाय. त्यात पाला आला, पारंबी आली, समदं आलं."

काकीला वाचता येत नव्हतं. तरी ती पाटीकडे बघत राहिली, मग दोर गुंडाळून गेली.

घरी आईनं आबांची बिनपाण्यानं केली. "दूध घेताना हुकूम इचारला हुता व्हय?" मीही तोंड सोडलं, सायबाला एकदा विचारून तरी बघा म्हणाले. आबा म्हणाले, "हुकूम इचारायचा नसतो, पाळायचा असतो." आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे हे वाक्य बाळगुटीबरोबर पाजतात. मला ते आजही ऐकवत नाही.

म्हैस पंधरवड्यात मेली. पोटातलं रेडकूही गेलं. आमच्याकडे जनावर मेलं तरी लोक भेटायला जातात. आई गेली, मी गेले. आबा तिच्या दारापर्यंत आले आणि माघारी फिरले.

पुढं साताऱ्याहून साहेब जीपनं आले. वड बघून म्हणाले, "हवालदार, वैरणीची एवढी टंचाई, आणि यंदा कुणी पाला नेला नाही?" आबांनी छाती काढून सांगितलं, एका पानाला हात लागू दिला नाही. साहेब बघतच राहिले. "अहो, पाल्याला कोण नको म्हणतंय? कुऱ्हाड लावू नये म्हणून पाटी. विचारायचं तरी होतं!"

आबांनी सलाम ठोकला. जीप गेल्यावर ते थेट काकीच्या दारात गेले, मी मागोमाग. काकी खडीवरून नुकतीच आलेली, बोटांना चिंध्या बांधलेल्या. आबा उभ्याउभ्याच म्हणाले, "वैनी, पाला चालत हुता. मी इचारलंच न्हाई. तुमची म्हस मी मारली." आणि लढाईवरून आल्यावरही न रडलेला हा माणूस हुंदके देऊ लागला.

मला वाटलं, आता काकी शिव्या घालील. घालायलाच हव्या होत्या.

ती म्हणाली, "तुमी न्हाई म्हनल्यावर पहाटं, तुमी यायच्या आदी, मी दोनदा झाडाखाली जाऊन आले हुते, भावजी. कुनी बगत नव्हतं. पर हात उचलला न्हाई. सायबाला कळलं तर तुमची नोकरी जायची. मग ह्या पोरांनी खायाचं काय?"

आबा तिथंच दारात बसले. आई आमच्या चुलीवर भाकरी भाजत होती, आणि तिचा खरपूस वास काकीच्या दारापर्यंत येत होता.