बुरुजाच्या आतला हात

तमाम वाचकांना, त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना आणि बऱ्हाणपूरच्या परकोटावर बसणाऱ्या समस्त कबुतरांना जाहीर कळवण्यात येते की, प्रस्तुत इसम भुताखेतांवर काडीचाही विश्वास ठेवत नाही. आजही नाही. कुणाला चकवा लागला की त्याची नक्कल करून चौकाला हसवणारा मीच!

पण यंदाच्या पावसाळ्यात जे झालं...

आमचं घर सिंधीपुऱ्यात. मागची भिंत आमच्या पणजोबांनी बांधलीच नाही – शहराच्या तटबंदीचा एक बुरूज आयताच पाठीशी होता. घरची एक रीत आहे. मुलगी सासरी निघाली, की कुंकवात बुडवलेला उजवा हात या बुरुजावर उमटवायचा. घराच्या भिंतींना दिवाळीत चुना लागतो, बुरुजाला कोण लावणार? म्हणून ताईचा ठसा टिकला होता. लहानपणी याच बुरुजावरून पडून तिची करंगळी वाकडी झालेली, त्यामुळे हात लांबूनही ओळखू यायचा. आई गेल्यावर तर ताई रावेरहून आली की आधी मागच्या दारी जायची. "भाऊ, आईनं मनगट धरून दाबला होता रे हा हात." दर वेळी हेच.

श्रावणातल्या पावसात बुरुजाचा आमच्याकडचा थर ढासळला. ताईचा हात दगडमातीत गेला.

आणि आतून निघाला दुसराच बुरूज! चौकोनी, विटांचा. बुरूज म्हणजे कांदा हो... आधी बाणभाल्यांपुरती विटांची भिंत. मग तोफा आल्या, तसं तिच्यावर दगडाचं जाड, गोल कवच चढवलं – गोळा निसटून जावा म्हणून. ती आतली वीट आमच्या कुठल्याच पिढीनं पाहिली नव्हती.

ताईला सांगायची हिंमत होईना. म्हटलं, आपण नाटकी माणूस, नाटकच करू. कुंकू कालवलं आणि बायकोला म्हणालो, "तुझा हात उमटव. करंगळी जरा वाकडी धर."

"अहो, वय काय, चाळे काय!" म्हणाली, पण आली. विटांवरची माती तिनं हातानं पुसली... आणि माझ्या हातातली वाटी पडली.

तिथं हात होता. लाल. उजवा. करंगळी वाकडी.

बायकोनं आपला तळवा जवळ नेला आणि मागे घेतला. "ताईंचाच आहे हो..."

फोटो काढला. पण ज्याला दाखवतो तो म्हणतो, ओल आली आहे.

ताईला लगेच फोन केला, सगळं सांगितलं. तिच्याकडे केळीची कटाई चालू. माल गाडीत भरल्याशिवाय निघता येईना. इकडे तटबंदीचे सरकारी दुरुस्तीवाले नेमके आमच्याच टोकापासून लागले. मी ठेकेदाराला गाठलं. "भैया, ताई येईपर्यंत रुक जाओ ना! नाहीतर खिडकीएवढी जागा तरी सोडा."

"किले में खिड़की, भाईसाहब? दुश्मन घुस आएगा!"

त्याच्या जागी मी असतो, तर हाच विनोद केला असता. दगड बसले. चुना भरला. कांद्याला नवी साल आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पोहोचली. नव्या भिंतीकडे बघत राहिली. रडली नाही. "कालच निघाले असते तर रे..." एवढंच.

पुढचं सांगतो आणि थांबतो. भाचा इंजिनिअर आहे. तो ओल म्हणतो, गंज म्हणतो, योगायोग म्हणतो. ऐकून घेतो. पण लख्ख उन्हात, मी आणि बायको लांब दारात उभे असताना, ताईनं कुणालाही न विचारता बरोबर त्याच जागी नव्या दगडावर हात टेकला. तिचं मनगट कुणी धरून दाबावं तसं एकदम भिंतीकडे ओढलं गेलं आणि आमची नातवंडंवाली ताई लहान पोरीसारखी ओरडली –

"आई, हळू गं... करंगळी दुखतेय!"